लांडगा, कोळसुंदा आणि इनामाचा तक्ता

श्री. महेश रंगराजन यांचें भारतांतील वन्यजीवांच्या इतिहासाची ओळख करून देणारें इंग्रजी पुस्तक २००१ सालीं प्रसिद्ध झालें. आकारानें तें लहान आहे. परंतु वन्यपशूंचा इतिहास म्हणजे निवृत्त साहेबांच्या शिकारीच्या आठवणी, ही जी समजूत आपल्याकडे रूढ होती तिला त्यानें चांगलाच धक्का दिला, आणि सरकारी दप्तरें नीट चाळलीं तर पशूंचाही इतिहास लिहितां येतो हें दाखवून दिलें. ह्याबद्दल आम्ही ग्रंथकर्त्याचे ऋणी आहों हें आरंभींच सांगून ठेवितों. कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें त्यांतील एकाच विधानासंबंधीं आहे, आणि त्यांतही दोष ग्रंथकर्त्याकडे थोडा व तें विधान उचलणाऱ्या आम्हां मंडळींकडे अधिक आहे.

तें विधान असें कीं, १८७५ ते १९२५ ह्या ५० वर्षांत सरकारी इनामासाठीं ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबळे व २,००,००० लांडगे मारले गेले. आकडा मोठा, म्हणून तो लक्षांत राहतो. आणि लक्षांत राहतो म्हणून जेथें तेथें लिहिला जातो. आमच्या कर्जत-खालापूर भागांतही अशीं टिपणें आम्हीं वाचलीं आहेत कीं ज्यांत हा आकडा आधीं सांगावयाचा, मग एखाद्या वृद्धाची 'पूर्वीं इकडे लांडगे फार' ही आठवण द्यावयाची, आणि शेवटीं चौकाच्या खोऱ्यांतून इंग्रजांनीं लांडगा नाहींसा केला असा निकाल द्यावयाचा. आठवण खरी असेल, आकडाही खरा असेल. पण दोन खऱ्या गोष्टी शेजारीं ठेविल्यानें तिसरी खरी होत नाहीं.

आकडा कसा तयार झाला तें प्रथम पाहूं. जनावर मारणाऱ्यानें त्याचें कातडें किंवा मुंडकें कचेरींत आणावयाचें, कारकुनानें तें पाहून इनाम द्यावयाचें. तालुक्याचा हिशेब जिल्ह्यास, जिल्ह्याचा प्रांतास व प्रांताचा हिंदुस्थान सरकारास जावयाचा. वरिष्ठ तक्त्यांत हत्ती, वाघ, बिबळे, अस्वलें, लांडगे व तरस ह्यांस एकेक रकाना असे, आणि उरलेलीं सारीं 'इतर जनावरें' ह्या एका रकान्यांत पडत. कोळसुंद्यास, म्हणजे रानकुत्र्यास, घर नव्हतें. वस्तुतः तोही इनामास पात्र होता, आणि कित्येक ठिकाणीं विसावें शतक अर्धें लोटेपर्यंत होता. तेव्हां कोळसुंद्याचें वाळलेलें कातडें घेऊन एखादा ठाकूर वा कातकरी कचेरीच्या पायरीशीं उभा राहिला, म्हणजे तें 'इतरां'त जावयाचें कीं लांडग्यांत, हें कारकुनाच्या ज्ञानावर व घाईवर अवलंबून राहणार. मुंडकें असेल तर खालचा जबडा उघडून पाहतां येतो: लांडग्यास प्रत्येक बाजूस तीन दाढा, कोळसुंद्यास दोन. पण कुजलेल्या मुंडक्याच्या दाढा मोजणारा कारकून आम्हीं आमच्या आयुष्यांत पाहिलेला नाहीं. पिलांच्या बाबतींत तर लांडगा, कोल्हा व कुत्रा ह्यांचा विवेक जाणत्यासही अवघड.

दुसरें असें कीं, ही बेरीज साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानची आहे. लांडग्यानें मुलें उचलून नेण्याचा उपद्रव मुख्यत्वेंकरून अयोध्या प्रांताकडील. १९९६ सालीं प्रतापगड, जौनपूर व सुलतानपूर ह्या जिल्ह्यांत आणि २०२४ सालीं बहराइच जिल्ह्यांत तो पुन्हां झाला. तिकडील लांडगेमारीचें वजन बेरजेंत धरल्यावांचून ती दक्षिणेकडे आणूं नये. तिसरें, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें, असें कीं संस्थानी मुलूख ह्या हिशेबाबाहेर राहिला. आतां लांडग्याचा खरा महाराष्ट्र कोठें होता? फलटण, जत, अक्कलकोट हीं संस्थानें, आणि निजामाच्या ताब्यांतील बीड-धाराशिवाचा माळ. ज्या मुलखांत लांडगा नांदत होता त्याचा मोठा भाग तक्त्याबाहेर, आणि जेथें तो विरळा त्या कोंकणास मात्र आम्ही तक्ता लावून पाहतों. ह्याहून उलटा न्याय कोणता?

आतां नांवांकडे वळूं, कारण घोटाळ्याचें मूळ तेथें आहे. अमरसिंहानें वृकास कोक व ईहामृग अशीं आणखी दोन नांवें दिलीं आहेत; आणि गंमत अशी कीं कोक हेंच नांव त्यानें चक्रवाकासही दिलें आहे. विरही पक्षी व मेंढ्या फाडणारा पशु एका शब्दांत राहतात, ह्याचें कोशकारास कांहींच वाटत नाहीं. तो वाचकाच्या विवेकावर विसंबला आहे. तरसाचें तसें नाहीं: संस्कृत तरक्षापासून मराठी तरस सरळ उतरलें. वृक शब्द मात्र मराठींत उतरला नाहीं. त्याच्या जागीं लांडगा आला, आणि वृक भीमाच्या वृकोदर ह्या नांवांत अडकून राहिला. वृकाची ओळख पटवावयाची तर ऋग्वेदांतील ऋज्राश्वाची कथा पाहावी. त्यानें वृकीसाठीं शंभर मेंढे कापले, म्हणून बापानें त्यास आंधळें केलें, व अश्विनांनीं त्यास दृष्टि दिली. कथेचा अर्थ कोणी कांहींही लावो. वृक व मेंढरें हीं जोडीनें येतात एवढें आम्हांस पुरे आहे, आणि पुढें चौकाच्या जमिनीविषयीं बोलतांना ह्या जोडीची आठवण आम्ही देणार आहों.

मराठी नांवें शास्त्रीय ग्रंथांत नीट नोंदविणारा पहिला ग्रंथकार म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. एल्फिन्स्टननें १८२४ सालीं त्यास दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्यास नेमिलें, आणि ह्या भटकंतींत त्यानें जे पशु पाहिले त्यांची यादी १८३१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेपुढें आली. तींत लांडगा व कोळसून हे दोन निराळे प्राणी निराळ्या लॅटिन नांवांनीं दिले आहेत: लांडगा तो कॅनिस पॅलिपीज, म्हणजे फिकट पायांचा, कोळसून तो कॅनिस दख्खुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा. आज शास्त्रांत दोहोंच्या जाती थोरल्या नांवांखालीं गेल्या असल्या तरी पोटजातींस साइक्सचींच नांवें चालतात. ज्या काळीं परकी मनुष्यास दोन्ही 'रानटी कुत्रे'च वाटावे, त्या काळीं ह्यानें दोन नांवें ऐकून दोन प्राणी वेगळे केले, हें त्याच्या चिकित्सेचें लक्षण होय. साठ-सत्तर वर्षांनंतरच्या कचेरींतील तक्ता ह्या बाबतींत साइक्सच्या मागें आहे. मात्र त्याच्या यादीचें शीर्षकच दख्खन आहे. ती घाटमाथ्यावर संपते. खालच्या कोंकणपट्टीसाठीं तिचा दाखला देणें म्हणजे इंदापूरच्या खात्यावरून चौकाचा सारा वसूल करण्यासारखें आहे.

स्थानिक संशोधकाचा आणखी एक गोंधळ येथेंच निस्तरतों. जुनें गॅझेटिअर पाहावयाचें म्हणून कुलाब्याचा १८८३ चा खंड उघडतात, आणि त्यांतील पशूंचें वर्णन चौकास लावतात. परंतु कर्जत-खालापूर हा मुलूख त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होता. त्याची माहिती १८८२ च्या ठाणें खंडांत आहे. पुढें तो कुलाब्यास जोडला, आणि १९८१ पासून कुलाब्याचें नांव रायगड झालें. जिल्हा बदलला कीं पुस्तकही बदलतें, ही साधी गोष्ट विसरल्यानें अलिबागच्या किनाऱ्यावरचीं जनावरें माथेरानच्या पायथ्याशीं येऊन बसलीं आहेत.

साइक्सनंतर जर्डननें १८६७ सालीं भारतीय सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांत रानकुत्र्याचीं मराठी म्हणून जीं नांवें आहेत तीं देवनागरींत उतरविलीं तर कोळसून, कोळसणा, कोळसरा व कोळसा अशीं होतात. (रोमन लिपींत ल व ळ हा भेद दिसत नाहीं, तेव्हां ळ आमचा आहे.) ह्या चौथ्या नांवानें आम्हांस एकदां चांगलेंच फसविलें, आणि दुसऱ्यांच्या चुका दाखवावयास निघालेल्यानें आपली लपवूं नये, म्हणून ती हकीकत येथें देतों.

खालापूर तालुक्यांतील एका स्नेह्यांनीं घरच्या रुमालांतील एक मोडी फर्द आम्हांस वाचावयास दिली. फर्दीवर साल नाहीं. एका ओळींत कोळसे हा शब्द, पुढें १२ हा अंक, त्यापुढें एक लहानशी खूण व शेवटीं रक्कम. जर्डन आमच्या डोक्यांत ताजा होता. कोळसे म्हणजे कोळसुंदे. बारा कोळसुंदे मारले व त्यांचें इनाम मिळालें, असें आम्हीं वाचलें, तेवढी ओळ उतरून घेतली आणि एका बैठकींत मोठ्या उत्साहानें सांगितलीही. श्रोत्यांत एक गृहस्थ होते. त्यांच्या वडिलांनीं जंगलच्या ठेकेदाराकडे कारकुनी केलेली. त्यांनीं शांतपणें विचारलें, "वरच्या-खालच्या ओळींत काय आहे?" घरीं येऊन फर्द पुन्हां उघडली. वरच्या ओळींत लांकूड, खालच्या ओळींत कात. अंकापुढची खूण म्हणजे लेखकाचा फराटा नसून ओझें ह्या शब्दाचा संक्षेप. बारा ओझीं लोणारी कोळसा! ज्या भागांत कातकऱ्यानें कात पाडावा व भट्ट्या लावून कोळसा करावा, तेथील हिशेबांत कोळसे दिसल्यावर रानकुत्रा आठवावा, ह्याला पुस्तकी विद्या आड आली एवढेंच कारण. संस्कृत कोशांत कोक पाहतांना जो विवेक आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत आलों, तो मोडी वाचतांना आमच्याच हातून सुटला.

ह्या फजितीनंतर आम्हीं एक नियम घालून घेतला आहे: पशूचें नांव वाचलें कीं त्या गांवची जमीन वाचावयाची. चौकापुरता तो लावून पाहूं. चौक हें माथेरानच्या दक्षिण पायथ्याशीं, जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावरचें गांव. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ येथें असतांना ते डोंगर चढून गेले, व माथेरान साहेबलोकांस ठाऊक झालें. एका बाजूस प्रबळ, जवळच इरसाळगड, खालीं भाताचीं खाचरें, उतारावर वरकस, वर रान. पाऊस शंभर इंचांहून अधिक. भाताची शेती केवळ खाचरावर चालत नाहीं; तिला राब लागतो. ऐनासारख्या झाडांची टहाळी, पाला, गवत व शेण पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस जाळावयाचें, त्या राखेंत रोप टाकावयाचें, आणि मग तें उपटून लावावयाचें. म्हणजे एका खाचराच्या मागें कित्येक पट वरकस व रान उभें असतें. जंगलखात्यानें झाडें तोडण्यास मनाई केली तेव्हां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली कीं १८८५ सालीं सरकारास चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ चा. राब, वरकस, दळी हे शब्द ज्यांस समजून घ्यावयाचे असतील त्यांनीं तो अहवाल अवश्य पाहावा. कागदांच्या संग्राहकांस तर तो कोशासारखा उपयोगी आहे.

अशा जमिनींत लांडग्यास काय आहे? त्यास उघडा माळ हवा, दूरवर दिसावें असें खुरटें गवत हवें, बीळ करण्यास कोरडा ओघळ हवा आणि पाठीशीं मेंढरें हवींत. आमच्या डोंगरांतला गवळी धनगर म्हशी व गुरें पाळतो. मेंढीस हा पाऊस सोसत नाहीं. ऋज्राश्वाचे शंभर मेंढे येथें पहिल्याच श्रावणांत खूर कुजून मेले असते. उलट दाट रान, सांबर-भेकर व डुकरें ही कोळसुंद्याची सोय. तेव्हां ह्या भागांतील जुन्या माणसाच्या तोंडीं 'लांडग्यांची टोळी' आली तर ती कोळसुंद्यांची असण्याचा संभव अधिक, आणि एकटा रात्रीं फिरणारा 'लांडगा' बहुधा तरस, असें आमचें मत आहे.

तथापि ह्या मतास एक वाट ठेविली पाहिजे, आणि ती घाटांतूनच येते. देशावरचे मेंढपाळ धनगर पावसाळा संपला म्हणजे, दिवाळीच्या सुमारास, कळप घेऊन कोंकणांत उतरतात, कापलेल्या भातखाचरांत मेंढरें बसवितात, त्या खताबद्दल शेतकऱ्याकडून धान्य वा पैसा घेतात, आणि पावसाच्या तोंडाशीं वर जातात. धनगरांच्या दैवतांचा अभ्यास करणाऱ्या सोन्थायमर यांनीं ह्या फिरतीचें महत्त्व चांगलें ओळखिलें होतें. मेंढरांच्या मागोमाग लांडगाही घाट उतरत असेल काय? असेल. म्हणून चौकाच्या खोऱ्यांत लांडगा कधींच आला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. मार्गशीर्ष ते वैशाखांतली नोंद असेल तर ती आम्ही आदरानें ऐकूं. आषाढांतली असेल तर दुसरा पुरावा मागूं.

घाटावर गोष्ट निराळी आहे, आणि तेथें श्री. रंगराजन यांच्या विधानाशीं आमचा खरा मतभेद आहे. त्यांचा आकडा १९२५ सालीं थांबतो व इनामाकडे बोट दाखवितो. इनामानें लांडगा मारला हें निर्विवाद. पण इनामें गेलीं, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्याच्या पहिल्या परिशिष्टांत आज लांडगा आहे. तरीही २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजांत साऱ्या देशांत हे लांडगे तीन हजारांच्या आसपासच निघाले. वाघाहून हा पशु संख्येनें अधिक नाहीं, आणि त्याच्या नांवानें अभयारण्यें मात्र फार थोडीं. ह्याचें कारण बंदुकींत सांपडत नाहीं. तें जमिनीच्या दप्तरांत आहे, आणि तें दप्तर वाचण्याचें काम आमच्यासारख्यांचें आहे.

मराठी कागदांत न पेरलेल्या जमिनीस एक नांव नव्हतें. माळ, बरड, मुरमाड, कुरण, गायरान, पड: प्रत्येकाचा हक्कदार निराळा, उपयोग निराळा. पड म्हणजे विसाव्यास टाकलेली, कुरण राखलेलें, गायरान गांवाच्या गुरांचें, माळावर धनगराची वाट. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरांत १८३६ च्या सुमारास नव्या पद्धतीची पाहणी केली. ती शेतकऱ्यास पूर्वींच्या अंधाधुंदीपेक्षां पुष्कळ सुखाची झाली, हें मान्य. परंतु साऱ्याच्या दृष्टीनें जमीन पाहणाऱ्यास लागवडीची व बिनलागवडीची हे दोनच भेद मोलाचे. आणि हळूहळू ह्या सर्व नांवांवर पडीक हें एकच नांव बसलें. स्वराज्य आलें तरी तें उठलें नाहीं. केंद्र सरकारतर्फें २००० सालापासून निघणाऱ्या पडीक जमिनींच्या नकाशांत माळरानें व खुरटीं गवताळ रानें ह्याच सदराखालीं दाखविलीं आहेत. जी जमीन पडीक ती सुधारली पाहिजे हें ओघानेंच आलें: कोठें ग्लिरिसिडिया व सुबाभूळ लावून वनीकरण, कोठें कारखान्यांची वसाहत, आणि १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झाल्यावर भीमेच्या दोहों कांठीं ऊंस. ऊंस कोणास नको? आम्हांसही साखर लागते. पण माळ गेला तो कोणाच्याही तक्त्यांत मृत म्हणून लिहिला गेला नाहीं. सोलापुराजवळ नान्नजला १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य झालें, त्याच्या आडोशानें तेथील लांडगा टिकला. बाकी ठिकाणीं तो धनगराच्या सोशीकपणावर जगतो. वर्षाकाठीं कांहीं कोंकरें जावयाचींच, असें मानणारा धनगर आम्हीं पाहिला आहे. आतां तर माळावर भटक्या कुत्र्यांची भर पडून त्यांचे रोग लांडग्यांत शिरत आहेत, आणि पुण्याच्या बाजूस लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचें जनुकपरीक्षेनें ठरलें आहे. कारकुनाचा घोटाळा निसर्गानेंही करावयास घेतला म्हणावयाचा!

एवढें सारें अखिल भारताची ओळख करून देणाऱ्या लहान पुस्तकांत यावें, अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल, आणि ती आम्ही करीत नाहीं. ग्रंथकर्त्यानें इंग्रजी तक्ते वाचले. मराठी फर्दी वाचावयाचें काम त्यानें आमच्यासाठीं ठेविलें, आणि आम्हीं तें न करितां त्याची बेरीज उतरून घेतली.

कर्जत, खालापूर, पनवेल व घाटावरील मावळ ह्या भागांतील जुने कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस विनंति आहे कीं, लांडगा, लांडगे, कोळसुंदा, कोळसे, तरस अथवा रानकुत्रें हे शब्द आढळल्यास त्या ओळीची नक्कल न पाठवितां पुऱ्या पानाची पाठवावी. महिना, गांव व अंकापुढील परिमाण वाचतां येत नसल्यास तसें लिहावें, अनुमानानें भरूं नये. वर सांगितलेली फर्द आम्हीं धन्यास परत केली आहे. तिच्या लखोट्यावर आम्हींच मोठ्या अक्षरांत लिहिलेला 'कोळसुंदे, इनाम' हा मजकूर खोडून त्याखालीं 'लांकूड, कोळसा, कात; साल नाहीं' असें लिहिलें आहे. खोडलेलें अक्षर वाचतां येईल असेंच ठेविलें आहे.